मल्लखांब आणि समतोल बळ

दिल्लीच्या दक्षिण भागात, सरोजिनी नगर आणि किडवाई नगर यांच्या शेजारी, लक्ष्मीबाई नगर नावाची वसाहत आहे. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी राजधानीत ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी ही एक. झाशीच्या राणीचे नाव घेताच डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. उधळलेला घोडा, उपसलेली तलवार आणि पाठीशी बांधलेले मूल. परंतु हे चित्र एका क्षणाचे आहे. त्या क्षणाला पुरी पडणारी जी शरीराची तयारी, ती एका दिवसात होत नसते. ती कशी झाली, हा प्रश्न इतिहासाच्या ग्रंथांत क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर देणारा एक साक्षीदार सुदैवाने मराठीत बोलून गेला आहे. कुलाबा जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या वावटळीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते गावातच होते. परत आल्यावर अनेक वर्षांनी त्यांनी आपली हकीकत लिहून काढली, आणि चिंतामण विनायक वैद्य यांनी ती १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली. बाईसाहेबांच्या दिनचर्येचे वर्णन करताना, त्यांना शरीर कमावण्याची मोठी आवड होती आणि पहाटे उठून त्या मल्लखांब करीत व मग घोड्यावर बसत, असे गोडसे भटजींनी नमूद केले आहे. भटजी हे मल्लविद्येचे जाणकार नव्हते. म्हणूनच त्यांच्या साक्षीला मोल आहे. त्यांनी जे पाहिले व ऐकले ते सरळपणे सांगितले. प्रथम मल्लखांब, नंतर घोडा. हा क्रम सहज घडलेला नाही. तो समजून घ्यावयाचा तर शरीराच्या रचनेतील एक साधे तत्त्व आधी ध्यानात घेतले पाहिजे.

मनुष्याच्या स्नायूला एकच काम करता येते. तो आखडतो आणि हाडाला आपल्याकडे ओढतो. ढकलण्याची शक्ती कोणत्याही स्नायूच्या अंगी नसते. माणूस हाताने दार ढकलतो तेव्हाही आतून कोणता तरी स्नायू ओढतच असतो. दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायू कोपर मिटवितो, पण तो स्वतः ते उघडू शकत नाही. त्यासाठी दंडाच्या मागच्या बाजूला दुसरा स्नायू लागतो. मांडीच्या पुढचे स्नायू गुडघा सरळ करतात, मागचे तो दुमडतात. छातीचे स्नायू खांदे पुढे ओढतात, पाठीचे ते मागे घेतात. अशा रीतीने प्रत्येक सांध्यापाशी दोन प्रतिस्पर्धी नांदत असतात, आणि त्यांच्या करारावर शरीराचा सर्व व्यवहार चालतो. एक आखडू लागला की दुसऱ्याने सैल व्हावयाचे, ही आज्ञा मज्जारज्जूतूनच सुटते, हे इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. मज्जापेशींच्या कार्यावरील संशोधनाबद्दल १९३२ साली त्यांना एडगर ॲड्रियन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

यातील समतोल म्हणजे समानता नव्हे, हेही सांगितले पाहिजे. मांडीच्या मागच्या स्नायूंचे बळ पुढच्यांच्या बळाच्या निम्म्याहून थोडे अधिक असते, आणि निसर्गाला तेच अभिप्रेत आहे. परंतु हे प्रमाण फार बिघडले, एकाला नित्य श्रम आणि दुसऱ्याला नित्य विश्रांती असे झाले, म्हणजे सांधा एकीकडे ओढला जातो. नुसती छाती व दंड कमावलेल्या माणसाचे खांदे पुढे झुकतात. पुष्कळ बळ असूनही त्याची हालचाल बांधल्यासारखी दिसते. बळ वाढले आणि चपळाई गेली, असे जे म्हणतात त्याचे एक कारण हे आहे.

आता आपल्या तालमीकडे वळावे. महाराष्ट्रातील तालमींचा पाया जोर आणि बैठका हा होता. जोर मारताना शरीराचा भार हातांवर येतो, आणि छाती, खांदे व दंडाची मागची बाजू यांना श्रम होतात. बैठकांनी मांडीचा पुढचा भाग व नितंब कसले जातात. दोन्ही व्यायाम उत्तम, बिनखर्चाचे आणि कोठेही करता येण्याजोगे. परंतु दोहोंचा कल एकाच बाजूला आहे. जमिनीला दूर लोटणे, हे दोहोंचे सार. प्रतिस्पर्ध्याला जवळ ओढणे, त्याला कवेत आवळणे, मांड्यांच्या आतल्या बाजूने पकडून धरणे, ही कुस्तीतील अर्धी विद्या जोरबैठकांतून येत नाही.

हे जुन्या वस्तादांना कळत नव्हते असे मात्र समजू नये. त्यांच्याजवळ शेरिंग्टनचे शास्त्र नव्हते, पण डोळे होते. पहिलवानाने जोर काढण्यापूर्वी फावड्याने हौद्यातील माती खणावी हा रिवाज केवळ माती मऊ करण्यासाठी नव्हता. फावडे ओढताना पाठ व दंडाची पुढची बाजू राबते. मुद्गल आणि करेला फिरविल्याने खांद्याचा सांधा सर्व दिशांनी मोकळा होतो. जुनी लोखंडी साखळीची लेझीम धनुष्यासारखी ओढावी लागे. सूर्यनमस्कारात तर एकदा पुढे वाकणे, एकदा मागे वळणे असा आळीपाळीचा क्रमच बांधून दिलेला आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा जो प्रसार केला तो सर्वश्रुत आहे. तथापि ओढण्याच्या आणि आवळण्याच्या बळाची सर्वांत पूर्ण शाळा कोणती, असे विचारले तर बोट मल्लखांबाकडेच दाखवावे लागेल.

खांबावर श्रम करण्याची कल्पना जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचविलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या विविध श्रमांचे वर्णन असून त्यांत खांबावरील श्रमाचा उल्लेख येतो. त्यानंतर कित्येक शतके या विद्येचा धागा दिसेनासा होतो. तो पुन्हा हाती लागतो तो उत्तर पेशवाईत, दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी, बाळंभटदादा देवधर यांच्या नावाने.

बाळंभटदादांची कथा तालमीतालमीतून सांगितली जाते. निजामाकडून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यास आले व त्यांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान टाकले. कोणी पुढे येईना तेव्हा तरुण बाळंभटाने ते स्वीकारले, तयारीसाठी काही मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगी देवीपाशी जाऊन अनुष्ठान मांडले. तेथे त्याला मारुतीचा दृष्टांत झाला. लाकडाच्या खांबावर वानराच्या लीलेने चढणे, उलटणे, लटकणे आणि सुटणे यांचे डाव त्याने पाहिले व आत्मसात केले. पुढे दरबारात त्याने अलीला चीत केले, आणि ते पाहून गुलाबाने माघार घेतली. कथेतील दृष्टांताचा भाग श्रद्धेचा आहे. परंतु तिच्या गाभ्यात एक व्यावहारिक अडचण स्पष्ट दिसते. थोड्या मुदतीत स्वतःहून बलाढ्य मल्लाशी झुंजावयाचे होते, आणि त्या जातीचा जोडीदार सरावासाठी मिळणार नव्हता. मग जो कधी दमत नाही, कधी रागावत नाही आणि हव्या त्या वेळी उभा असतो असा जोडीदार शोधणे प्राप्त होते. असा जोडीदार म्हणजे खांब. मल्लखांब या शब्दाचा अर्थही तोच. मल्लाच्या सरावाचा खांब, किंबहुना मल्ल म्हणून उभा केलेला खांब.

याच सुमारास, १८११ साली, बर्लिनजवळच्या हाझेनहाइडे येथे फ्रीड्रिख लुडविग यान याने जर्मन तरुणांसाठी उघड्यावर व्यायामाचे मैदान सुरू केले. पुढे जगभर पसरलेल्या समांतर दांड्या ही त्याचीच देणगी. पुण्यातील बाळंभट आणि बर्लिनमधील यान यांना एकमेकांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही दोघांपुढचा प्रश्न एकच होता. मनुष्याला त्याच्या स्वतःच्या शरीराचा भार पेलावयास लावून त्याचे सर्व अंग कसे जागे करावे? जर्मन शिक्षकाने आडव्या दांड्या योजिल्या, मराठी वस्तादाने उभा खांब योजिला. आडव्या दांडीवर मुख्यतः हात राबतात. उभ्या खांबावर हातांइतकेच पाय, मांड्या आणि पोट राबते.

खांबाची रचना पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. पुरलेला मल्लखांब शिसवीचा किंवा सागाचा असतो. जमिनीवर त्याची उंची सुमारे साडेआठ फूट असते. बुंध्याशी तो जाड, वर निमुळता होत गेलेला, मग बारीक मान आणि शेंड्याला वाटोळे बोंड. लाकडाला एरंडेल तेलाचा हात देतात, म्हणजे अंग सोलवटत नाही. घामाने पकड सुटू लागली की राळ लावतात. या निसरड्या आणि तरीही धरून ठेवणाऱ्या पृष्ठभागावर खेळाडूने पहिली गोष्ट शिकावयाची ती अढी, म्हणजे पायांच्या विळख्यात खांब पकडणे. अढी पक्की झाल्यावर उड्या, तेढी, बगली, दसरंग, फिरक्या, सुईदोरा, ताजवे आणि आसने अशी शिडी चढत जावी लागते.

या शिडीच्या प्रत्येक पायरीवर विरुद्ध स्नायूंचा व्यवहार चाललेला असतो. खांबावर चढताना दंडाची पुढची बाजू आणि पाठ ओढीत असतात. त्याच खांबावर हात टेकून शरीर आडवे तोलताना मागची बाजू व खांदे रेटीत असतात. गुडघ्याच्या बेचक्यात खांब आवळून उलटे लटकताना मांडीचा मागचा भाग कसाला लागतो, जो बैठकांत थोडासा मागे राहिलेला असतो. अढी घालताना मांड्यांच्या आतल्या स्नायूंचा कस लागतो आणि ती सोडून पाय फाकताना बाहेरच्यांचा. ताजव्यात, म्हणजे तराजूच्या पारड्यासारखे शरीर तोलून धरण्यात, प्रतिस्पर्धी स्नायू एकाच वेळी आवळले जातात आणि कोणीही जिंकत नाही. त्या बरोबरीच्या झटापटीतूनच स्थिरता उत्पन्न होते. मल्लखांबाचे जाणते शिक्षक डाव उजवीकडून बसला की डावीकडूनही बसवून घेतात, त्याचे कारण हेच.

पुढे या विद्येला दोन फाटे फुटले. साखळीने टांगलेला आखूड खांब हा त्यांतला एक. तो खेळाडूबरोबर हलतो व फिरतो, त्यामुळे तोल राखण्याचे काम दुप्पट होते. दुसरा वेताचा मल्लखांब. चांगला वेत दुर्मिळ होत गेल्यावर त्याची जागा दोरीने घेतली. दोरी पायाचा अंगठा आणि त्याशेजारचे बोट यांच्या चिमटीत धरून वर चढावयाचे, आणि गाठ न मारता केवळ वेढ्यांच्या आधारावर आसने करावयाची, असा त्याचा दंडक आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि बाजीराव गंगाकाठी ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. त्याच्यामागोमाग भिक्षुक, कारकून, शिलेदार यांच्याबरोबर पुण्याची तालीमही उत्तरेस गेली. बाळंभटदादांची परंपरा काशीकडे रुजली ती या ओघात. ब्रह्मावर्तीच्या याच परिवारात मोरोपंत तांब्यांची मुलगी मनकर्णिका वाढली. तिला झाशीस व पुढे रणांगणावर नेणारा इतिहास सांगण्याची आवश्यकता नाही. गंगाधरराव १८५३ च्या नोव्हेंबरात वारले, १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले, आणि १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोज याने झाशीला वेढा घातला. एप्रिलच्या आरंभी शहर पडले आणि राणी रात्री घोड्यावरून बाहेर पडली. झाशी ते काल्पी ही सुमारे शंभर मैलांची मजल तिने एका अहोरात्रात मारली असे सांगतात.

आता गोडसे भटजींनी सांगितलेल्या क्रमाचा अर्थ उलगडतो. घोडेस्वार खोगिरावर बसतो तो मुख्यतः मांड्यांच्या आतल्या स्नायूंच्या बळावर, पाठीचा कणा व पोट यांच्या परस्परतोलावर आणि हातांच्या हलक्या, पण अखंड पकडीवर. मल्लखांबाची अढी ही नेमकी तीच पकड आहे. फरक इतकाच की, खांब उभा असतो आणि घोडा धावत असतो. पहाटे खांब आणि त्यानंतर घोडा हा नेम ज्या शरीराने वर्षानुवर्षे पाळला, त्याला शंभर मैलांची दौड झेपली यात चमत्कार नाही. पराक्रमाला मन लागते हे खरेच. परंतु मनाने घेतलेला निर्णय शरीराने पाळावयाचा असतो, आणि तसे आज्ञाधारक शरीर आधी घडवून ठेवावे लागते. १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ राणी लढता लढता पडली.

सत्तावनच्या नंतर दरबारांचा आश्रय आटला आणि तालमींना उतरती कळा लागली. इंग्रजी शाळांतून परदेशी कवायत शिरली, व अंगाला तेलमाती लावणे हे शिकलेल्या माणसाला कमीपणाचे वाटू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी ही ओहोटी थांबविण्याचे काम काही संस्थांनी केले. बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकराव यांनी देशी व्यायामाला शिस्त व सांघिक रूप दिले. अमरावतीस १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले, दादरला १९२५ साली श्री समर्थ व्यायाम मंदिर. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध करून, जी विद्या तोपर्यंत वस्तादाच्या जिभेवर होती ती कागदावर उतरविली. ही कामगिरी मोठी आहे. वस्ताद मेला की त्याचे डावही जात, हा आपल्याकडील शाप या ग्रंथाने पुष्कळ अंशी दूर केला.

१९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले असता अमरावतीच्या मंडळाचे पथक तेथे गेले आणि त्यांनी भारतीय खेळांचे प्रयोग करून दाखविले. यान याच्या नगरीत बाळंभटदादांची विद्या गेली, असे या प्रसंगाचे वर्णन करता येईल. त्या सामन्यांना हिटलरच्या राजवटीने जे रूप दिले होते ते इतिहासाला ठाऊक आहे. सामर्थ्याचा उत्सव तेथे मांडला होता, पण त्या सामर्थ्याला आवरणारे विरुद्ध बळ त्या राष्ट्राने आपल्या जीवनातून हद्दपार केले होते. त्याचे परिणाम तीन वर्षांतच जगाला दिसू लागले.

स्वातंत्र्यानंतर मल्लखांबाला राष्ट्रीय मान्यता मिळाली त्याची दोन स्थाने मोठी अर्थपूर्ण आहेत. १९५८ साली दिल्ली येथे भरलेल्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक स्पर्धांत मल्लखांबाचा प्रवेश झाला, आणि १९६२ साली ग्वाल्हेरच्या स्पर्धांत त्याला स्पर्धेचा खेळ म्हणून स्थान मिळाले. जेथे राणी पडली त्या ग्वाल्हेरात, तिच्या पडण्यानंतर एकशे चार वर्षांनी, तिच्या पहाटेच्या व्यायामाला हा मान मिळावा हा योगायोगच. पण तो विसरण्यासारखा नाही. १९८१ मध्ये या खेळाची स्वतंत्र अखिल भारतीय संघटना झाली. २०१३ साली मध्य प्रदेशाने त्याला राज्यक्रीडेचा दर्जा दिला. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा भरली. २०२४ साली दादरचे उदय देशपांडे यांना या खेळाच्या सेवेबद्दल पद्मश्री मिळाली. दृष्टिहीन मुलांनाही त्यांनी मल्लखांब शिकविला आहे. तोल हा डोळ्यांचा नसून अंगाचा असतो, याचे याहून चांगले प्रमाण शोधून सापडणार नाही. राणीच्या काळी मल्लखांब करणारी स्त्री हा अपवाद होता. आज दोरीवर आणि खांबावरही मुली सहज चढतात.

या यशाबरोबर एक धोकाही येतो. व्यायामाची स्पर्धा झाली की गुण मिळवून देणाऱ्या डावांकडे ओढा वाढतो, आणि न दिसणाऱ्या तयारीकडे दुर्लक्ष होते. ज्याला टाळी पडते ती बाजू पुष्ट होते, ज्याला पडत नाही ती उपाशी राहते. मल्लखांबाचे मूळ प्रयोजन याच्या नेमके उलट होते. कुस्तीत जे कमी पडते ते भरून काढण्यासाठी तो जन्मला. तो जोराचा शत्रू नसून जोराचा जोडीदार आहे. हे नाते तुटले, तर खांब राहील आणि मल्ल जाईल.

ही गोष्ट खेळाडूंपुरती नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातील सर्व प्रमुख स्नायूगटांना बळ देणारा व्यायाम करावा असे सांगितले आहे. त्यातील ‘सर्व’ हा शब्द महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाई नगरासारख्या वसाहतीत राहणारा सरकारी नोकर दिवसाचे आठ तास टेबलाशी वाकून बसतो. त्याची छाती आखडते, पाठ ताणली जाऊन दुबळी होते, मांडीचा पुढचा भाग आखूड होतो आणि मागचा भाग आपले काम विसरतो. त्याला मल्लखांबावर चढण्याची आवश्यकता नाही. पण वसाहतीच्या बागेत सकाळी चार पावले चालून झाल्यावर, दिवसभर पुढे झुकलेल्या अंगाला थोडे मागेही न्यावे, जे ढकलते त्याला ओढावयास आणि जे आवळते त्याला सैल व्हावयास शिकवावे, एवढे त्याला खचित करता येईल.

ज्या राणीचे नाव त्याच्या घराच्या पत्त्यात रोज लिहिले जाते, तिच्यापाशी राज्य होते तेव्हाही आणि ते गेल्यावरही, पहाटेचा नेम होता. राज्य राखणे तिच्या हाती राहिले नाही. नेम मात्र शेवटपर्यंत तिच्या हाती होता.